आतल्या भिंतीवरचा पक्षी

गव्हर्नर एलिसेओ सांता फेहून परतला तेव्हा त्याच्या काखेत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी चपटं होतं आणि तो कुणाशी बोलत नव्हता. एलिसेओ आणि बोलत नाही म्हटल्यावर मी हातातलं मडकं खाली ठेवलं. हा आमचा गावमुख्य. गावाच्या जमिनीच्या कामासाठी शहरात जातो, आणि परत आला की वाटेत कुणाचा घोडा लंगडत होता इथपासून सगळं सांगत दारोदार कॉफी पीत फिरतो. त्या दिवशी तो माझ्या दारावरून सरळ पुढे गेला. जाताना माझ्याकडे एकदा बघितलं मात्र. 

घोंगडीत काय होतं ते दिवस मावळायच्या आत गावभर झालं. माझ्या धाकट्या बहिणीचं, बेनिताचं, चित्र होतं. शहरातल्या एका दुकानाच्या काचेतून काढून आणलेलं.

बेनिता कागदावर पाण्याच्या रंगांनी चित्रं काढते. आधी ती माझ्या मडक्यांवर नक्षी काढायची. माती मी मळते, मडकं मी घडवते, गोट्याने घासून चकाकी मी आणते, पण नक्षीला माझा हात बरा नाही. मी काढलेला ढग बटाट्यासारखा दिसतो. मग शहरातल्या दुकानवाल्या बाईंनी तिला जाड कागद आणि रंगांची डबी दिली, आणि हिची चित्रं त्यांच्या काचेत लागायला लागली. सुरुवातीला ती नाच काढायची. हरणाचा, मक्याचा. त्यावरून गावात कुरबुर सुरू झाली. काय दाखवायचं, काय नाही, कुणाला विचारलंस, कुणी सांगितलं. बेनिता भांडणारी नाही, ते काम घरात माझ्याकडे आहे. ती एवढंच म्हणाली, "मग मी पक्षी काढीन. कुणीच कधी न बघितलेले."

तेव्हापासून हिचे पक्षी. शेपटीला ढगांच्या पायऱ्या, पोटात पाऊस, डोक्यावर कधी सूर्य तर कधी कणीस. आजूबाजूला काही नाही, नुसता कोरा कागद. असला पक्षी ना आभाळात ना अंगणात. मग त्यात कुणाच्या बापाचं काय जातं, असं मीच चारचौघांत म्हणत असे.

हे चित्र मात्र मी बघितलं नव्हतं. मी टेकडीपलीकडे माती खणायला गेले होते तेव्हा तिने ते पूर्ण केलं आणि शहरात जाणाऱ्या गाडीबरोबर पाठवून दिलं. बघितलं असतं तर ते घरातच राहिलं असतं.

संध्याकाळी मी मिरचीचं कालवण ढवळत होते तेव्हा सिप्रियानो आला. बेनिताचा नवरा. भला माणूस आहे; इतका भला की कधी कधी त्याला गदागदा हलवावंसं वाटतं. दारात उभा राहून टोपी हातात फिरवत राहिला.

"आत ये, नाहीतर दार तरी लाव," मी म्हणाले. "थंडी येतेय."

"ताई, बेनिता तुला कधी म्हणाली का, की मी झोपेत बोलतो?"

"घोरतोस असं म्हणाली. लाकडं फोडल्यासारखं."

तो हसला नाही.

"काय झालंय?"

"सांगता येत नाही."

"मग विचारायला कशाला आलास?"

"उद्या सकाळी बोलावलंय. मला आणि तिला. तिच्या बाजूने कुणी थोरली बाई हवी. सेवेरामावशीला घेऊन तू येशील?" एवढं बोलून तो गेला. कालवणाकडे बघितलंसुद्धा नाही, आणि माझ्या हातचं कालवण त्याने कधी सोडलेलं मला आठवत नाही.

मी काही दुधखुळी नाही. बेनिताचं चित्र, एलिसेओची गिळलेली जीभ, आणि हा झोपेतल्या बोलण्याचं विचारतोय. तिन्ही एकत्र ठेवली आणि मी कालवण चुलीवरून उतरवलं.

आमचा किवा म्हणजे पूजाविधींचं, अर्धं जमिनीत पुरलेलं गोल घर. वरून शिडीने उतरायचं. त्याच्या आत आणखी एक खोली आहे. तिथे गावातले मोजकेच पुरुष बसतात आणि सिप्रियानो त्यांतला एक. तिथल्या भिंतीवर जे काढलेलं आहे ते बाहेर बोलायचं नाही, बायकोजवळही नाही. बोललं तर गाव सुटतं. शेत गावाचं असतं, ते गावाकडे परत जातं. घर बायकोचं असतं, त्याची पायरी त्याला बंद होते. असा एक माणूस गेला तेव्हा मी लहान होते. त्याची आई नंतर त्याच्या नावाच्या दुसऱ्या कुणाला हाक मारायची वेळ आली तरी घाबरायची. सिप्रियानोच्या बाबतीत आता हेच व्हायचं होतं, आणि माझी बहीण त्याच्याशिवाय एक दिवस धड जेवत नाही.

सकाळी आम्ही एलिसेओच्या लांब खोलीत गेलो. भिंतीकडेच्या ओट्यावर म्हातारे ओळीने बसले होते, खांद्यांवर घोंगड्या, वेण्या पुढे घेतलेल्या. मधोमध पाब्लिनोबाबा, गावातले थोरले. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. शेगडीत लाकूड तडतडत होतं. टेबलावर ती घोंगडी, आणि घोंगडीखाली पालथं घातलेलं चित्र.

एलिसेओने गावमुख्याची चांदीच्या मुठीची काठी हातात घेतली. "बेनिता, हे तू काढलंस?"

"घोंगडी?" बेनिता म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. घाबरली की ती असंच बोलते.

"घोंगडीखालचं."

"दाखवा, म्हणजे सांगते."

"दाखवता येणार नाही."

"मीच काढलं असेल तर मी बघितलेलंच आहे ना?"

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, "तेव्हा बघितलं ते बघितलं. आता बघायचं नाही."

"पण माझं चुकलं काय?"

"ते सांगता येत नाही."

"कशासारखं दिसतं का ते?"

कुणीतरी खोकलं. कुणीतरी पाय हलवला. "तेही सांगता येत नाही," एलिसेओ म्हणाला, आणि त्याला घाम फुटला होता.

मला राहवेना. "मग आम्ही निघतो," मी म्हणाले. "माझा पाव भट्टीत आहे. तुम्हाला सांगता यायला लागलं की निरोप पाठवा."

पाब्लिनोबाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बसले. त्यांच्यापुढे माझीही मिजास चालत नाही.

"पोरी," ते बेनिताला म्हणाले, आवाज अजिबात न चढवता, "तुला कुणी काही सांगितलं? किंवा तुझ्या कानावर काही पडलं?"

"नाही, बाबा. मनाने काढलं. रंग कालवले, हात चालत गेला."

"असं मनाने येत नसतं," कोपऱ्यातला म्हातारा पुटपुटला.

सिप्रियानो मान खाली घालून बसला होता. तो एक शब्द बोलत नव्हता आणि त्या न बोलण्यानेच तो जास्त जास्त गुन्हेगार दिसत होता. मला त्याचा इतका राग आला म्हणून सांगू! अरे, नाही म्हण की. पण ज्याची स्वतःचीच खात्री नाही तो काय म्हणणार?

मग एलिसेओने ती युक्ती काढली. रात्रभर जागून काढली असणार. टेबलावर कोरा कागद, बेनिताचीच रंगांची डबी, वाटीत पाणी. "चित्रात पक्षी आहे. खाली तू कोरं सोडलंयस," तो म्हणाला. "वरचा तुला पाठ असेल. त्याच्या खाली काय येतं ते या कागदावर काढ."

"खाली काही येत नाही. मी काही काढलंच नाही."

"काढायचं असतं तर काय आलं असतं, ते काढ."

सगळ्यांना कळलं. तिने भलतंच काही काढलं तर तिला काही ठाऊक नाही आणि सिप्रियानो सुटला. आतल्या भिंतीवर जे आहे तेच काढलं तर त्याने सांगितलं, संपलं. आणि कुठलं बरोबर, कुठलं चूक, हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं. सिप्रियानोने खाणाखुणा करू नयेत म्हणून त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि डोक्यावरून घोंगडी टाकली. कापणीच्या वेळी झाकून ठेवलेल्या पोत्यासारखा बसला होता बिचारा.

आता मला जे सांगायचंय ते मी तोवर कुणाशीच बोलले नव्हते. खाली काय येतं ते मला ठाऊक होतं.

आमच्याकडे भिंती बायका लिंपतात. घराच्या, चर्चच्या, किवाच्या, आणि हो, आतल्या खोलीच्याही. आतली खोली दरवर्षी लिंपत नाहीत. भिंत सोलायला लागली की मगच. आधी पुरुष आत जाऊन जुन्या चित्रावर पांढऱ्या मातीचा हात फिरवतात, चित्र झाकतात, मग आम्ही जातो, लिंपतो, निघतो. मग ते नवीन लिंपणावर पुन्हा काढतात. पण आम्ही भिंत भिजवली की पांढऱ्यातून खालचा रंग वर येतो. चिखल चढेपर्यंत तेवढा वेळ तो समोर असतो. मी बघितलंय. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सेवेरामावशीने बघितलंय. आम्ही त्याबद्दल एकमेकींशीसुद्धा कधी बोललो नाही. काय बघितलं ते तुम्हालाही सांगणार नाही, तेव्हा वाट बघत बसू नका.

बेनिताने मात्र ते बघितलं नव्हतं. आम्ही लिंपायला गेलो तेव्हा ती सरकारच्या बोर्डिंगच्या शाळेत होती, केस कापलेले, इंग्रजी पाठ करत. परत आली त्यानंतर ती खोली एकदाही लिंपलेली नाही. मग हिला ते कुठून आलं? सिप्रियानो खरंच झोपेत बोलला असेल का? हा विचार माझ्याही मनात आला, उगाच कशाला लपवू.

बेनिताने ब्रश भिजवला. मी मनातल्या मनात ओरडत होते, मेंढी काढ. गाढव काढ. शिडी काढ, चूल काढ, काहीही काढ. ती माझ्याकडे बघतही नव्हती. तिने कागदाकडे बघत थोडा वेळ घालवला, आणि मग तिचा हात चालायला लागला. चार पाय. अंगावर लोकर. मेंढी!

म्हाताऱ्यांचे खांदे खाली आले. एलिसेओने काठी मांडीवर आडवी ठेवली. मी श्वास सोडला. आणि माझ्या बहिणीने पाण्यात चिंधी बुडवली आणि मेंढी पुसून टाकली.

"काय करतेस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"ही मी भीतीने काढली, ताई," ती म्हणाली. "पक्ष्याखाली मेंढी येत नाही. कुठल्याच पक्ष्याखाली येत नाही, यांनाही कळतंय. चोरी केलेला माणूस मेंढी काढील. मी चोरी केलेली नाही. मग मी खोटं का काढू?"

काय बोलणार? तिचं म्हणणं बरोबरच होतं, आणि त्या खरेपणानेच ती आपल्या नवऱ्याच्या गळ्याला दोर लावत होती. मला पुढे होऊन तो कागद टराटरा फाडावासा वाटला. सेवेरामावशीने माझं मनगट धरलं. म्हातारीच्या बोटांत अजून माती मळण्याचा जोर आहे.

बेनिता काढत होती. आता ती घाबरलेली नव्हती. काढायला लागली की तिला आजूबाजूचं काही दिसत नाही, लहानपणापासून असंच आहे. ओठ किंचित उघडे, मान डावीकडे कललेली. आधी काळ्याची एक रेघ, लांब, न थरथरता. मग तिच्या खालून दुसरी. मी पहिल्या रेघेलाच ओळखलं. मग विटेच्या रंगाचा हात फिरवला. मी डोळे मिटून घेतले, पण मिटूनही उपयोग नव्हता, कारण मला आता कागदाकडे बघायची गरजच नव्हती. म्हाताऱ्यांचे श्वास ऐकून मला कळत होतं ती कुठे पोहोचली ते.

"पुरे," पाब्लिनोबाबा म्हणाले.

एलिसेओने कागद उचलला आणि पालथा घातला. त्याला काही आनंद झाला नव्हता, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. सिप्रियानो त्याच्याबरोबर वाढलेला, मासे धरायला एकत्र जायचे. त्याने जाऊन घोंगडी काढली. सिप्रियानो वळला आणि त्याने सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"मीच बोललो असेन," तो म्हणाला. "जागेपणी नाही. झोपेत बोललो असेन. तिला काही करू नका. मी जातो."

"कुठे जातोस?" बेनिता म्हणाली. तिला अजून काहीच कळलं नव्हतं. "मी काय काढलं? काय काढलं मी?"

पाब्लिनोबाबांनी गुडघ्यांवर हात ठेवले, उठायच्या आधी ठेवतात तसे. ते एकदा उठून उभे राहिले आणि बोलले की झालं. मग ते परत घेता येत नाही. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. आम्ही बायकांनी बघितलंय म्हटलं तर सिप्रियानो वाचेल, पण मग आमचं काय होईल? ज्या खोलीत आम्हाला फक्त चिखलासाठी आत घेतात तिथलं आम्ही बघितलं, ठेवलं, घरी नेलं.

"पाणी," सेवेरामावशी म्हणाली.

मला वाटलं म्हातारीला चक्कर येतेय. मी माठातून भोपळ्याच्या वाडग्यात पाणी आणलं. ती प्यायली नाही. ती ओट्यावरून खाली उतरली, एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि वाडगा घेऊन रांगत पाब्लिनोबाबांच्या पायांपाशी गेली. बोट पाण्यात बुडवलं. आणि मातीच्या जमिनीवर काढायला लागली.

बेनिताच्या चित्रात जे होतं ते नाही. खाली येतं तेही नाही. बाजूला काय येतं ते.

तिचं बोट सावकाश चालत होतं. कोरड्या जमिनीवर ओल्याची काळी रेघ उमटत होती. ती बुडवायची, काढायची, पुन्हा बुडवायची. तिच्या गुडघ्यांच्या हाडांचा आवाज येत होता. एलिसेओने भिंतीकडे तोंड फिरवलं. पाब्लिनोबाबा मात्र बघत राहिले, पाय मागे न घेता.

"सेवेरा," ते म्हणाले, "हे तुला कुणी..."

"अरे पाब्लिनो," मावशी म्हणाली. गावातल्या थोरल्यांना असं अरे-तुरे करणारी तीच एक उरली आहे. "ती खोली लिंपतं कोण? तू?"

"आम्ही आधी झाकतो. पांढऱ्या मातीने."

"झाकता! एक हात फिरवता, तोही घाईघाईत, जेवायची वेळ झाल्यासारखा. भिंत ओली झाली की सगळं वर येतं. ओली भिंत तू कधी बघितलीयस? तू येतोस तेव्हा ती वाळलेली असते."

बाबांनी जमिनीवरच्या ओल्या रेघेकडे पुन्हा बघितलं.

"पहिल्यांदा गेले तेव्हा मी डोळे मिटले होते," मावशी म्हणाली. "तुझी आई माझ्या शेजारी होती. म्हणाली, पोरी, डोळे मिटून लिंपलंस तर वाकडं होईल. बघायचं आणि गिळायचं."

"माझी आई?" पाब्लिनोबाबा म्हणाले. इतका मोठा माणूस, पण त्या वेळी त्यांचा आवाज पोरासारखा आला.

"तुझी आई. तिची आई. सगळ्या."

"आणि कुणी बोललं नाही?"

"कुणाशी बोलणार? तुमच्याशी?" मावशी आता चिडली होती. "भिंतीला कान असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या भिंतीला तोंड आहे, आणि ते आम्ही इतकी वर्षं हाताने दाबून धरलंय. या पोराला हाकलायचं तर आधी गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या बायकांना हाकला. माझ्यापासून सुरुवात करा. बोचकं बांधायला वेळ लागणार नाही."

शेगडीच्या बाजूची रेघ वाळायला लागली होती. बघता बघता अर्धं गेलं. मग सगळंच गेलं, नुसती जमीन राहिली. मी पुढे होऊन मावशीला काखेत हात घालून उठवलं. 

एलिसेओचा चेहरा उजळला. "म्हणजे बेनितानेही लिंपतानाच बघितलं! लहानपणी. तिला आठवतही नसेल. हात आपोआप चालला." इतर म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनाच दार सापडलं होतं आणि सगळ्यांनाच त्यातून बाहेर पडायचं होतं.

पाब्लिनोबाबांनी मान हलवली नाही. "बेनिता," ते म्हणाले, "तू होतीस लिंपायला?"

बेनिताला खोटं बोलता येत नाही. मेंढीसुद्धा काढता आली नाही तिला. तिने तोंड उघडलं. "बाबा, मी तर..."

"माझ्याबरोबर होती," मी म्हणाले. "चिखल कालवायला. एवढीशी होती."

थोरल्यांसमोर, गावाच्या काठीसमोर, धडधडीत खोटं. मला त्याची लाज नाही वाटली आणि आजही वाटत नाही. भीती वाटली, ती मात्र इतकी वाटली की कानांत गरम झालं. कारण पाब्लिनोबाबा माझ्याकडे बघत होते आणि त्यांना ठाऊक होतं. गावात ठाऊक असेल तर सगळ्यात जास्त त्यांनाच. पोरांना शाळेत नेणारी गाडी आली तेव्हा बेनिता रडत होती, आणि हेच बाबा तिचं गाठोडं हातात घेऊन गाडीमागून नदीपर्यंत चालत गेले होते. सणासाठी तिला घरी सोडा म्हणून विनवायला तेच शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन आले होते, आणि एकटेच परतले होते. त्या वर्षांत ती गावात नव्हती हे ते विसरले असतील असं मला क्षणभरही वाटलं नाही.

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही नजर खाली घातली नाही. कशी घालणार?

"हो," ते म्हणाले. "आठवतंय मला. कोपरापर्यंत चिखल होता हिच्या हातांना."

मग ते उठले.

सिप्रियानो राहिला. घोंगडीखालचं चित्र आणि नवा कागद, दोन्ही पालथेच शेगडीत गेले. बेनिताने विचारलं, एकदा बघू का? नाही म्हणाले. तिचं ते सगळ्यात चांगलं चित्र होतं, असं तिने मला नंतर सांगितलं. तो पक्षी पुन्हा काढायचा नाही एवढंच बजावलं, आणि कुठला ते कुणी सांगितलं नाही.

घरी जाताना सिप्रियानो पुढे चालत होता, गाढ झोपेतून उठल्यासारखा. बेनिताने माझी शाल ओढली.

"ताई, मी कधीच गेले नव्हते तिथे."

"गप्प बस."

"मग ते मला कुठून आलं?"

"सिप्रियानो चालतोय ना पुढे? त्याच्याकडे बघ आणि गप्प बस."

पण ती गप्प बसली ते फारच बसली. त्या हिवाळ्यात तिने एकही पक्षी काढला नाही. कागद समोर घ्यायची, ब्रश भिजवायची आणि पाणी वाळेपर्यंत तसाच धरून बसायची. आता जे मनातून येईल ते कुणाचं असेल सांगता येत नाही, म्हणायची. तिला स्वतःच्या हाताची भीती बसली होती. दुकानवाल्या बाईंनी माणूस पाठवला तेव्हा मी त्याला माझी मडकी देऊन पाठवलं. वरचे ढग बटाट्यासारखे होते. तोंडावर तो काही बोलला नाही, पण पुन्हा आला नाही.

बर्फ वितळलं, पाट साफ झाले, आणि पाब्लिनोबाबांकडून निरोप आला. बायकांनी आतली खोली लिंपायला यायचं. सेवेरामावशी, मी, आणखी काही जणी, आणि बेनिता. निरोप आणणाऱ्याने तिचं नाव दोनदा सांगितलं. खोलीची भिंत धड होती. मी शिडी उतरल्या उतरल्या बघितलं, कुठे पोपडासुद्धा सुटलेला नव्हता. अजून कितीतरी वर्षं चालली असती.

पुरुष पांढरी माती फिरवून गेले होते. नेहमीसारखाच एक हात, तोही घाईघाईत.

बेनिता सगळ्यात शेवटी उतरली. मी पाण्याची बादली तिच्याकडे सरकवली. तिने माझ्याकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, आणि ओला हात भिंतीवर ठेवून सावकाश खाली ओढला. मग दुसऱ्यांदा. रंग वर यायला लागला.

आम्ही बाकीच्या जणी चिखल कालवत राहिलो. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळ्याच बघत होतो. ती हात लोंबता ठेवून उभी होती. बोटांतून पाणी गळत होतं. मला वाटलं ती रडेल, किंवा पळून जाईल, आणि दोन्हींची मी तयारी ठेवली होती.

"ताई," ती म्हणाली, इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं, "माझ्यापेक्षा चांगला काढलाय गं."

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. मी तिच्या पाठीवर चिखलाचाच हात ठेवला.

"भिंत वाळतेय," सेवेरामावशी म्हणाली.

बेनिताने कालवलेला ओंजळभर चिखल उचलला आणि वरून लिंपायला सुरुवात केली.